केळी घ्या, माउली!

पुणेकर माणूस वर्षभर देण्याच्या बाबतीत सावध असतो. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांना तो गेल्या वर्षीची पावती दाखवून ‘एवढेच’ म्हणतो. भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या चार काड्या वर घातल्या नाहीत, तर जुडी परत ठेवतो. लग्नाच्या पाकिटात किती घालायचे, हे समोरच्याने आपल्या मुंजीत काय घातलं होतं ते वहीत बघून ठरवतो. अशा या माणसाला ज्येष्ठ वद्य नवमीच्या सुमाराला काहीतरी होतं. तो पंधरा डझन केळी विकत घेतो, भाव न करता घेतो, आणि भर रस्त्यात उभा राहून अनोळखी माणसांना “घ्या हो, घ्या ना, माउली, अजून एक घ्या” असं अक्षरशः विनवतो.

तुकोबांची पालखी देहूहून सप्तमीला निघते, ज्ञानोबांची आळंदीहून अष्टमीला. दोन्ही पालख्या एकाच संध्याकाळी पुण्यात शिरतात. संचेतीचा चौक, फर्ग्युसन रस्ता, मग लक्ष्मी रस्त्याने सरळ पेठांमध्ये. तुकोबांचा मुक्काम नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि ज्ञानोबांचा भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. मधला एक दिवस विसावा. या दोन-तीन दिवसांत पुण्यातल्या घराघरांतून जी सहकुटुंब सहल निघते, तिचा उल्लेख पर्यटन खात्याच्या कुठल्याही पत्रकात नाही. पण सिंहगडाखालोखाल गर्दीची सहल हीच असावी असा माझा अंदाज आहे. तिकीट नाही, हॉटेलचं बुकिंग नाही, शिवाय पुण्य. पुणेकराला सहलीकडून आणखी काय हवं असतं?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत याची तयारी दोन आठवडे आधी सुरू होते. ग्रुपवर पहिला मेसेज सेक्रेटरींचा: ‘यंदा वारकऱ्यांना काय द्यायचे?’ पुढचे दोन दिवस त्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची तक्रारसुद्धा कोणी करत नाही. एक पक्ष केळ्यांचा, एक राजगिऱ्याच्या लाडवांचा. ए विंगमध्ये बिस्किटवाले आहेत, कारण तिथल्या एकांची एजन्सी आहे. डॉक्टरीणबाई दरवर्षी सुचवतात की क्षारांची पाकिटं आणि पायाला लावायचं मलम द्यावं. दरवर्षी त्यांच्या सूचनेला जोडलेल्या हातांची चित्रं सगळ्यात जास्त येतात आणि सूचना तिथेच राहते. पाण्याच्या बाटल्या म्हणताच पर्यावरणवाले उठतात. चहा म्हणताच ‘उकळणार कोण?’ असा प्रश्न येतो आणि चहाही संपतो.

एका वर्षी एका नव्या भाडेकरूने भाबडेपणाने विचारलं, “आपण एखाद्या दिंडीला रोख पैसेच का देत नाही? त्यांचा ट्रक असतो, स्वयंपाकी असतात, काय हवं ते त्यांनाच कळतं.”

ग्रुपवर शांतता पसरली. मुद्दा बिनतोड होता. वारीला चालणारा माणूस वाऱ्यावर निघालेला नसतो. तो आपल्या दिंडीत ठरलेली भिशी भरतो. त्या भिशीतून शिधा येतो, दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामी जाऊन तंबू ठोकतो, चुली पेटतात. पुण्यातल्या केळ्यावाचून कोणी उपाशी राहत नाही. पण पैसे देऊन टाकले, तर सहल कुठली? फोटो कशाचा काढायचा, क्यूआर कोडचा? शेवटी सी विंगच्या काकूंनी मत मांडलं, “अहो, मुलांना संस्कार म्हणून तरी हातात काहीतरी द्यायला हवं ना,” आणि ठराव केळ्यांच्या बाजूने झाला. मार्केट यार्डातून केळी आणायची जबाबदारी, नेहमीप्रमाणे, मीटिंगला गैरहजर असलेल्यावर पडली.

केळी ठरल्यावर टी-शर्ट ठरतात. पाठीवर ‘वारकरी सेवा’, छातीवर सोसायटीचं नाव, बाहीवर टी-शर्ट देणाऱ्या बिल्डरचं. यंदा बिल्डरने हात आखडता घेतला, तेव्हा वर्गणीतूनच शिवले. खजिनदारांनी नंतर हिशेब मांडला त्यात टी-शर्टांचा आकडा केळ्यांच्या वर गेलेला निघाला. ‘पण टी-शर्ट पुढच्या वर्षीही चालतील,’ असं त्याखाली लिहिलं होतं. चालत नाहीत. वर्षभरात त्यातले निम्मे लादी पुसायला जातात आणि उरलेले घालणाऱ्यांना होत नाहीत.

ठरल्या दिवशी मंडळी निघतात. मोटारी डेक्कनच्या अलीकडेच सोडाव्या लागतात, कारण पुढचे रस्ते पोलिसांनी बंद केलेले असतात. या गोष्टीचं दरवर्षी सगळ्यांना नव्याने आश्चर्य वाटतं. मग केळ्यांचे क्रेट उचलून प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून एक छोटी दिंडीच निघते. पुढे आजोबा, खिशात पंचांग. मागे शिवलेल्या नऊवारीतल्या सुना. ही साडी पायजम्यासारखी चढवता येते, त्यामुळे सगळ्या वेळेवर तयार असतात. कपाळावर दहा रुपयांत छाप मारून मिळणारं गंध. पोरांच्या गळ्यात छोटे टाळ, आणि ते वाजवून वाजवून शेजारच्या काकांचं डोकं उठलेलं. आजी मात्र खुर्ची घेऊन येते. घडीची, ॲल्युमिनियमची. अशा सहलीत अक्कल असलेला तो एकच सभासद.

फर्ग्युसन रस्त्यावर जागा मिळवणं हा स्वतंत्र विषय आहे. आमच्या डावीकडे बँकवाल्यांचा चिक्कीचा स्टॉल, उजवीकडे एका भावी नगरसेवकांचा मंडप. मंडपावरच्या फ्लेक्सवर स्वतः भावी, त्यांचे मार्गदर्शक, मार्गदर्शकांचे मार्गदर्शक आणि कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, विठोबा. त्यांच्याकडे छत्र्या वाटत होते. छत्रीच्या आठही पाकळ्यांवर त्यांचा चेहरा होता. एक म्हातारे वारकरी छत्री उघडून, फिरवून, सगळे चेहरे नीट बघून म्हणाले, “पाऊस पडल्यावर रंग जाईल ना ह्याचा?” तो प्रश्न छत्रीबद्दलच होता असं मी धरून चालतो.

दिंड्या येऊ लागल्या की खरी अडचण कळते. टाळकऱ्याचे दोन्ही हात टाळांच्या दोऱ्यांत अडकलेले असतात. मृदंगवाल्याचे दोन्ही हात मृदंगावर. विणेकऱ्याला तर वीणा खाली ठेवताच येत नाही. दमला तर ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीवर टेकत नाही. पताकावाल्याच्या हातात पताका, बाईच्या डोक्यावर तुळस, तिच्या शेजारणीच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. म्हणजे हजारो माणसं समोरून चाललीत आणि केळं धरायला हात रिकामा एकाचाही नाही! चालीत अभंग रंगलेला, पावलं एका तालात पडतायत, आणि मध्येच आमचे सेक्रेटरी तिरके घुसून एका टाळकऱ्याच्या तोंडासमोर केळं धरतात. त्या बिचाऱ्याला अभंगाचं चरण सोडवत नाही आणि केळ्याला नाही म्हणवत नाही. तो मान हलवतो. सेक्रेटरींना ती मान होकाराची वाटते. ते साल सोलतात. आता सोललेलं केळं घेऊन ते त्याच्याबरोबर चालू लागतात, थेट गुडलक चौकापर्यंत. परत आले तेव्हा केळं त्यांनीच खाल्लेलं होतं, पण चेहऱ्यावर तेज असं होतं की पंढरपूर करून आले.

केळी घेतात ती दिंडीच्या शेवटी चालणारी, पिशवीवाली मंडळी. त्यांची पिशवी डेक्कनपर्यंत येता येता भरलेली असते. एक गृहस्थ आमच्या समोर थांबले. साठीचे, उन्हाने रापलेले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. आमच्यातल्या एका सुनेने दोन केळी पुढे केली. त्यांनी ती हातात घेऊन देठाकडून बघितली, अंगठ्याने हलकेच दाबली आणि विचारलं, “काय डझनानं घेतली, ताई?” तिने भाव सांगितला. त्यांचा चेहरा पडला. नांदेडकडच्या अर्धापूरचे होते. अर्धापूर म्हणजे केळ्यांचा मुलूख. “आमच्या बागंतनं व्यापारी नेतो तवा काय देतो ते इचारू नका,” म्हणाले, आणि केळी पिशवीत टाकून ‘रामकृष्ण हरी’ म्हणत पुढे गेले. त्यांच्याच भागातली केळी व्यापाऱ्यामार्फत, आडत्यामार्फत, मार्केट यार्डामार्फत आणि शेवटी आमच्या पुण्यामार्फत त्यांच्याकडे परत गेली असतील तर नवल नाही. त्यात कमाई कोणाकोणाची झाली हे सांगायला नको. पुण्य तेवढं आमच्या वाट्याला आलं.

पिशवीबद्दल सांगायचं तर एका मावशींनी ती उघडूनच दाखवली. बिस्किटांचे सात पुडे, चिक्की, दोन साबणाच्या वड्या, खोबरेल तेलाची बाटली, डोकेदुखीचं मलम, तीन राजगिऱ्याचे लाडू चुरा झालेले, आणि कुठल्याशा कंपनीची किल्लीची साखळी. “कुलूपच नाई घराला, किल्ली कशाची लावू?” म्हणाल्या. मग हळूच पुढे, “देणाऱ्याला नाई म्हनू नये. पन दिवे घाटात वझं वाहायला खांदं दोनच हायेत.” पुणे ते सासवड हा ज्ञानोबांच्या वाटेतला सगळ्यात लांबचा टप्पा, सुमारे तीस किलोमीटर, आणि शेवटी घाट. आम्ही जे पुण्य पदरात पाडून घेतो त्याचं वजन तिथे कोणाच्या तरी पाठीवर बसतं.

शिवाय ज्या दिवशी घाट चढायचा, ती बहुतेक वर्षी एकादशी असते. पंचांग खिशात असण्याचा उपयोग इथे होतो. नवमीला फर्ग्युसन रस्त्यावर पोहे चालतात, एकादशीला हडपसरला चालत नाहीत. पण सहल म्हणून उशिरा निघालेल्या एका ऑफिसच्या ग्रुपने एकदा एकादशीच्या सकाळी हडपसरला पोह्यांची दोन मोठी पातेली उघडली. कांदे-पोहे! वारकरी हात जोडून पुढे जात होते आणि ह्यांना वाटत होतं की लाजतायत. “अहो, संकोच करू नका!” असा आग्रह चालला होता. शेवटी वाहतूक पोलिसांनी ते पोहे खाल्ले. सकाळपासून उभे होते, त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. माझ्या मते त्या दिवशीचं सर्वांत योग्य दान तेच.

विसाव्याच्या दिवशी एक गंमत असते, जी आमच्या केळेवाल्यांच्या लक्षात येत नाही. पुणेकर वारकरी बघायला पेठांत जातात आणि वारकरी पुणे बघायला बाहेर पडतात. शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबागेतला तळ्यातला गणपती, तुळशीबागेत नातीसाठी बांगड्या. त्यांचीही ती सहलच. सारसबागेत मी तीन म्हाताऱ्या बघितल्या. हिरवळीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि फोटो काढत फिरणाऱ्या एका पुणेरी कुटुंबाकडे टक लावून बघत होत्या. ते कुटुंब त्यांचा फोटो काढायला आलं. “जरा तुळस डोक्यावर देता का? फोटोपुरती,” असं सूनबाईंनी विचारलं. तुळस दिली. फोटो झाला. मग त्यातल्या एकीने विचारलं, “आता आमचा काढा की, तुमच्या पोरासंगं.” त्यांनी काढला. “कुठं धाडणार?” त्यावर मंडळी गडबडली. फोन नंबर नव्हता, गावाचं नाव विचारलेलं नव्हतं. तो फोटो पुण्यातच राहिला.

आता खऱ्या देण्याची गोष्ट. ती फोटोत येत नाही म्हणून कमी लोकांना ठाऊक असते. नाना-भवानी पेठेत जुनी घरं आहेत, जिथे तीच दिंडी पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला येते. आजोबांच्या वेळी यायची, आता नातवाच्या वेळी येते. वाड्याची इमारत झाली तर पार्किंगमध्ये उतरते. त्या घरात त्या दोन दिवसांत संडासाला रांग, न्हाणीघराला रांग, पिठाचे डबे रिकामे, आणि घरातली माणसं गच्चीत झोपलेली. ‘काय द्यायचं’ म्हणून तिथे मीटिंग भरत नाही. भवानी पेठेच्या एका कोपऱ्यावर चपला दुरुस्त करून देणारे एक कारागीर बसतात. त्या दिवसांत पैसे घेत नाहीत. एकाची चप्पल उलटी करून, टाचेवर बोट फिरवून म्हणाले, “माउली, टाच गेली. घाट निघंल उद्याचा. सासवडला परत दावा कुनाला तरी.” आणि दोन टाके जास्तीचे घातले. चप्पल पुढे कुठे आणि किती चालणार आहे याचा हिशेब करून दिलेलं दान मी तेवढंच पाहिलं. शेजारी न्हावी दाढ्या करत होते, तेही फुकट, आणि मुंबईच्या लोकलसारखी रांग लागली होती.

वारीच्या वाटेवर देणाऱ्यांची ही जुनी रीत सगळीकडे आहे. माउलींच्या, म्हणजे ज्ञानोबांच्या, सोहळ्याला शिस्त लावून दिली हैबतबाबा आरफळकरांनी. त्यातले घोडे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, आणि ते टेम्पोत घालून ‘शुभेच्छांसह’ पाठवत नाहीत, चालत आळंदीला आणतात. रथ ओढायला आपली बैलजोडी लागावी म्हणून आळंदीतली घरं मान मागतात. बैल वर्षभर त्यासाठी पोसतात. तुकोबांच्या वाटेवर यवतला गाव पिठलं-भाकरी करतं. घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात आणि सगळ्या एकत्र येतात. तिथे ‘आमच्या विंगची भाकरी’ असा बोर्ड नसतो. काटेवाडीला परीट मंडळी पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर मेंढ्या आणून पालखीभोवती रिंगण करतात. ज्याच्याकडे जे आहे ते. मेंढ्या असतील तर मेंढ्या. त्या पिशवीत घालून द्यायच्या नसतात हे नशीब.

2020 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी आमच्या ग्रुपवर मोठी तगमग होती. ‘आता केळी कोणाला द्यायची?’ असं एकांनी विचारलं. शहरात तेव्हा केळं हवं असलेली माणसं पुष्कळ होती. हातावरचं पोट असलेली, काम सुटलेली. काही जणांनी त्यांच्यापर्यंत शिधा पोचवलाही, ते नाकारता येणार नाही. पण त्यासाठी टी-शर्ट शिवले गेले नाहीत.

हे सगळं लिहिताना आमच्या सेक्रेटरींवर मी अन्याय करतोय असं वाटू नये. वर्षातून एक संध्याकाळ का होईना, माणूस भाव न करता घेतो, स्वतःहून हात पुढे करतो, अनोळखी म्हातारीच्या पाया पडतो आणि ती उलट त्याच्या पाया पडते तेव्हा गोंधळून जातो, ही काही लहान गोष्ट नव्हे. ज्या गृहस्थाने जिन्यात भेटल्यावर मला कधी नमस्कार घातला नाही, त्याने मला फर्ग्युसन रस्त्यावर ‘माउली, जरा सरकता का’ म्हटलंय. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये त्याने माझ्या स्कूटरबद्दल पुन्हा तक्रार केली, तो भाग वेगळा.

तक्रार माझी एकाच गोष्टीची आहे, आणि ती सालांची. दिंड्या जाऊन संपतात, रस्ता मोकळा होतो, मंडप उतरतात, आणि खाली फर्ग्युसन रस्ता काळा नसून पिवळा दिसतो. केळ्यांची सालं, चिक्कीचे कागद, चहाचे कप, राजगिऱ्याच्या पाकिटांचं प्लास्टिक. मागून येणाऱ्या दिंड्यांतली कितीतरी माणसं अनवाणी असतात. त्यांच्या पायांखाली आमचं दान येतं. आमचे एक साडू त्याच सालावरून असे घसरले की पुढच्या दिंडीतल्या दोघा वारकऱ्यांनी त्यांना उचलून फुटपाथवर ठेवलं, गुडघा चोळून दिला आणि पिशवीतून मलम काढून लावलं. मलम वाटपातलंच होतं. रात्री महापालिकेचे सफाई कामगार येतात आणि पहाटेपर्यंत तो रस्ता खरडतात. त्यांना केळं देताना मी अजून कोणाला बघितलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वर्षी सहकुटुंब जाणार असाल तर जरूर जा, आजीची खुर्ची विसरू नका, पंचांग बघून जा, आणि द्यायच्या आधी एखाद्या दिंडीप्रमुखाला विचारून घ्या की तुम्हाला काय हवंय. उत्तर बहुधा संडास, पाणी आणि झोपायला कोरडी जागा असं येईल. आणि केळीच न्यायची ठरली, तर सालं गोळा करायला चार रिकामी पोती बरोबर घ्या. ते पोतं धरून उभं राहायला माणूस मात्र ग्रुपवर आजपासून शोधायला लागा. फोटोत न येणारं काम आहे; वेळ लागेल.